प्रेमाभिव्यक्ती, वऱ्हाडातील

मनातील प्रीती, माया वा ओढ दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी वऱ्हाडातील भाषांनी आणि तेथील वाङ्मयाने घडविलेल्या शब्दरूपांची, संबोधनांची व संकेतांची परंपरा. वऱ्हाडात अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या जिल्ह्यांबरोबरच १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा काढलेला वाशिम जिल्हाही येतो. महाराष्ट्री प्राकृत, संस्कृत, मराठी व तिची वऱ्हाडी बोली, दखनी-उर्दू, कोरकू आणि १८५३ नंतर इंग्रजी अशा अनेक भाषा या प्रदेशात नांदल्या व काही अद्याप नांदत आहेत. त्यामुळे एकच भावना भाषेगणिक कशी निराळी बोलते, हे पाहण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

इंग्रजीत ‘लव्ह’ या एकाच क्रियापदाने ईश्वर, आई, पत्नी, देश आणि आवडीचा खाद्यपदार्थ या सर्वांचा समाचार घेता येतो. प्राचीन ग्रीकांनी मात्र कामप्रेरित प्रेमाला इरॉस, मित्रप्रेमाला फिलिया, कुटुंबातील मायेला स्टॉर्गे आणि निरपेक्ष प्रेमाला अगापे असे वेगवेगळे शब्द योजले. या बाबतीत मराठी ग्रीकला जवळची आहे. आईची माया, गुरूचा वा वडीलधाऱ्यांचा लोभ, लेकराचा लळा, मित्राचा स्नेह, आप्तांचा जिव्हाळा, दीनाविषयीचा कळवळा आणि प्रियकराची प्रीती यांची मराठीत सहसा अदलाबदल होत नाही. पत्नीविषयी कळवळा वाटतो असे म्हटले, तर ऐकणारा ती आजारी आहे असे समजेल. वाक्यरचनेतही फरक आहे. इंग्रजीत प्रेम करणारा कर्ता आणि प्रिय व्यक्ती हे त्याचे थेट कर्म असते. मराठीत प्रेम एखाद्यावर ‘असते’, ‘जडते’ वा ‘बसते’. आवडणारी व्यक्ती वाक्याची कर्ता होते आणि ज्याला ती आवडते तो ‘मला’, ‘तिला’ अशा चतुर्थी विभक्तीत उभा राहतो. जीव ‘लागतो’ तो आपोआप, आणि ‘लावला’ जातो तो जाणूनबुजून. या दोन क्रियापदांतील अंतर इंग्रजीत एका शब्दात आणणे अवघड आहे.

एवढी शब्दसंपत्ती असूनही मराठीत प्रेम बोलून दाखविण्यास शब्दच नाहीत, अशी तक्रार इंग्रजी शिकलेल्या वर्गात वरचेवर ऐकू येते. ती पुरती खरी नाही आणि पुरती खोटीही नाही. शब्द होते; ते कोणी, कोणाला आणि कोणाच्या देखत उच्चारावेत यावर निर्बंध होते. वऱ्हाडातील प्रेमाभिव्यक्तीचा इतिहास हा बव्हंशी उच्चाराच्या या अधिकाराचा इतिहास आहे.

वत्सगुल्म व वैदर्भी रीती : वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याची एक शाखा येथून राज्य करीत होती, हे १९३९ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशिम ताम्रपटावरून निश्चित झाले. या शाखेचा संस्थापक सर्वसेन (चौथे शतक) हा स्वतः महाराष्ट्री प्राकृताचा कवी होता. त्याचे हरिविजय हे काव्य आज उपलब्ध नाही. परंतु आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. रुसलेल्या सत्यभामेचे मन वळविण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. राजाने लिहिलेल्या काव्यात शत्रूच्या पराभवापेक्षा पत्नीच्या रुसव्याला महत्त्व मिळावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. हालाच्या गाथासप्तशतीतील काही गाथाही सर्वसेनाच्या नावावर सांगितल्या जातात. या प्राकृत गाथांतील स्त्री आपली इच्छा सरळ बोलत नाही. ती सासूला, सखीला किंवा वाटसरूला उद्देशून काही साधे वाक्य बोलते आणि खरा अर्थ जवळच उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला कळतो. ध्वनिसिद्धांताच्या मांडणीत साहित्यशास्त्रकारांनी अशा गाथा वारंवार उदाहरणादाखल घेतल्या, त्या याच कारणाने.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने काव्यमीमांसेत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची रूपककथा सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वश करण्यासाठी ती वधू देशोदेशी त्याच्या मागे हिंडते आणि अखेर दोघांचा गांधर्वविवाह होतो तो वत्सगुल्म नगरात. या नगराला राजशेखराने मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. कर्पूरमंजरी या आपल्या प्राकृत नाटकात तो वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणतो. हा शब्द वत्सगुल्मावरूनच आला. माधुर्य, सुकुमारता आणि समासांचा सोस नसणे ही या रीतीची लक्षणे शृंगाराला पोषक मानली गेली. आज वाशिमला कापूस व सोयाबीन घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितले, तर तो हसण्याचाच संभव अधिक. पण संस्कृत साहित्यशास्त्राच्या नकाशावर वऱ्हाडचे स्थान हे असे आहे.

रुक्मिणीचा संदेश : दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा व मालविका या पुराणांतील आणि काव्यनाटकांतील नायिका विदर्भकन्या होत. दमयंतीने हंसाकरवी नलाशी अनुसंधान साधले. तथापि सर्वांत धीट उच्चार रुक्मिणीचा आहे. भागवताच्या दशम स्कंधात (अध्याय ५२) एका ब्राह्मणाच्या हाती तिने कृष्णाला पाठविलेला सात श्लोकांचा संदेश आहे. आपले मन लाज सोडून तुझ्या ठिकाणी शिरले आहे, असे ती त्यात प्रथम सांगते. मग कुल, शील, रूप व विद्या यांत तू माझ्या तोलाचा आहेस असा हिशेब मांडते आणि शेवटी व्यवहाराला येते : विवाहाच्या आदल्या दिवशी कुलाचारानुसार वधू नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाते, तेथून तू मला ने, म्हणजे माझ्या आप्तांची हत्या टळेल. भावना, युक्तिवाद आणि योजना या तिन्हींचा असा मेळ प्रेमपत्रात क्वचितच आढळतो.

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून रुक्मिणीहरण झाले, अशी श्रद्धा त्या शहरात दृढ आहे. पुराणकथेच्या या स्थलनिश्चितीला ऐतिहासिक पुरावा म्हणता येणार नाही. परंतु कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, तेव्हा वऱ्हाडी माणूस लेकीला सासरी पोहोचविण्याच्या भावनेनेच तिच्याबरोबर चालतो. एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर (१५७१) काशीस पूर्ण झाले. उपवर मुलींचे लग्न लवकर जमावे म्हणून या ग्रंथाची पारायणे करण्याचा प्रघात पुढे महाराष्ट्रभर पडला. घरच्यांनी ठरविलेला वर नाकारून स्वतःचा वर स्वतः निवडणाऱ्या मुलीची कथा, घरच्यांना वर लवकर सापडावा म्हणून वाचली जावी, यातील विसंगती शतकानुशतके कोणाला खटकलेली दिसत नाही.

महानुभाव वाङ्मय : तेराव्या शतकात मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर (रिद्धपूर) हे महानुभाव पंथाचे केंद्र होते. श्रीचक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) तेथे राहत. त्यांचे वागणे कधी बालकासारखे, कधी वेड्यासारखे वाटे. गावकऱ्यांनी मात्र त्यांना आई आणि बाप या दोन्ही नात्यांनी हाक मारली. ही दुहेरी हाक केवळ उपचार नव्हता. म्हाइंभटांच्या ऋद्धिपूरचरित्रात दिसते त्याप्रमाणे, तान्ह्या मुलाच्या दुखण्यापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सर्व गाऱ्हाणी त्यांच्याकडे नेली जात. लीळाचरित्रातही प्रेम हा शब्द क्वचित, पण प्रेमाची क्रिया पानोपानी आहे. कोणी वाट पाहते, कोणी आसन घालते, कोणी ताटातील पदार्थ राखून ठेवते आणि उशीर झाला म्हणून रुसते. त्यातील पुरुषवाचक ‘गा’ हे संबोधन प्रमाण मराठीतून गेले. वऱ्हाडात ‘काय गा’ या हाकेत ते आजही जिवंत आहे.

ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या प्रसंगी महदंबेने (महदाइसा) रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री वऱ्हाडच्या भूमीत रुक्मिणीच्याच तोंडून बोलू लागते, हा योगायोग नव्हे. स्त्रीच्या इच्छेला बोलण्यासाठी जे एक मान्यताप्राप्त पात्र होते, ते तिने घेतले. नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर (तेराव्या शतकाची अखेर) हे या विषयावरील सर्वांत रसाळ काव्य होय. देवगिरीच्या रामदेवराव यादवाने हे काव्य आपल्या नावावर करण्यासाठी द्रव्य देऊ केले, पण कवीने ते नाकारले, अशी पंथीय परंपरा आहे.

पंथाला मात्र शृंगार सहजी पचला नाही. भास्करभट्ट बोरीकराने शिशुपालवध रचला. नावाने वीररसाचे असले, तरी त्यात रुक्मिणी व कृष्ण यांच्या प्रणयाचेच वर्णन भरघोस आहे. ते वाचून भावे देवोबास यांनी ग्रंथ चांगला आहे, पण तो प्रवृत्तांना योग्य, निवृत्तांना नव्हे, असा अभिप्राय दिला, अशी कथा आहे. त्यानंतर भास्करभट्टाने भागवताच्या एकादश स्कंधावरील उद्धवगीता हा वैराग्यपर ग्रंथ लिहिला. गुणवत्ता मान्य करून विषय नाकारणारा हा अभिप्राय मराठी शृंगारकाव्याच्या वाट्याला पुढेही अनेकदा आला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामुळे नरेंद्र व महदंबा यांची भाषा शेकडो वर्षे बाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊकच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यानंतर ती हळूहळू प्रकाशात आली. हा ठेवा खुला राहिला असता, तर मराठी प्रेमकवितेला पूर्वज शोधण्यासाठी इंग्रजीकडे इतके पाहावे लागले नसते.

मधुराभक्ती : अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मलेले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच अंध झाले होते. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या व कृष्णपत्नी मानून ते कुंकू व मंगळसूत्र धारण करीत. अद्वैत आणि मधुराभक्ती यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या विचाराला मधुराद्वैत असे नाव आहे. बंगालच्या वैष्णवांत हा भाव परिचित होता. कुणबी शेतकऱ्यांच्या वऱ्हाडात मात्र तो अपूर्व ठरला. तरीही लोकांनी त्यांची थट्टा करण्याऐवजी त्यांना संत मानले. जे वाक्य पत्नीला पतीपुढे उच्चारता येत नसे, ते देवापुढे पुरुषालाही उच्चारता येई.

घरातील बोली : ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे नमुने दिले आहेत. ‘मला’, ‘तुला’ याऐवजी ‘मले’, ‘तुले’ आणि ‘ळ’ या वर्णाचा पुष्कळदा ‘य’सारखा उच्चार ही तिची ठळक वैशिष्ट्ये. प्रेमाभिव्यक्तीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे रूप म्हणजे ‘येजो’, ‘जाजो’, ‘जेवजो’ हे आज्ञार्थ. ‘ये’ ही आत्ताची आज्ञा. ‘येजो’ ही पुढची, सवडीची, काहीशी आर्जवाची. ‘सांभाळून जाजो’ असे म्हणणारी आई मुलाला जे सांगते, त्यासाठी ती प्रेम हा शब्द आयुष्यात कधी वापरीत नाही. जेवणाची विचारपूस, प्रकृतीची विचारपूस आणि निरोपाचा हा आज्ञार्थ, एवढ्यावर वऱ्हाडी कुटुंबातील माया निभावते. लहान मुलीला आणि सुनेलाही ‘माय’ म्हणण्याची रीत आहे. ज्याच्यावर माया करायची त्याला मायेच्याच नावाने हाक मारायची, असा तिचा न्याय.

पतिपत्नींची गोष्ट निराळी. पत्नीने पतीचे नाव घ्यायचे नाही, हा नियम महाराष्ट्रात सर्वत्र होता. पांढरपेशा घरांत ‘इकडून येणे झाले’ अशी कर्त्याचा पत्ताच लागू न देणारी वाक्यरचना त्यातून निर्माण झाली. शेतकरी घरांत ‘घरचे’, ‘मालक’ किंवा ‘अमक्याचा बाप’ अशी वळणे आली. या निर्बंधाला उखाण्याची पळवाट होती. लग्नात व सणासमारंभात चारचौघांच्या आग्रहाने, यमकाच्या आधाराने आणि लाजत का होईना, नाव घेता येई. एरवी निषिद्ध असलेला उच्चार सर्वांदेखत करावयास लावणारी ही प्रथा मोठी मार्मिक आहे.

जात्यावरच्या ओव्यांत स्त्रीला श्रोता नव्हता आणि म्हणूनच मोकळीक होती. त्यांत सर्वाधिक प्रेम भावाच्या वाट्याला येते, मग आईच्या. पतीचा उल्लेख ‘कंथ’, ‘भरतार’ अशा शब्दांनी किंवा कुंकू व चुडा यांच्या आडून होतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई व भुलोबा म्हणजे पार्वती व शंकर. या गाण्यांतला रुसवा, माहेरची ओढ आणि सासरचा जाच हे सारे लग्नाआधीच मुलीच्या ओठी बसते. पिठाच्या गिरण्या आल्यावर ओवीचा प्रसंगच नाहीसा झाला. भुलाबाई मात्र शाळांच्या व मंडळांच्या आश्रयाने टिकली आहे.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. आर्यभाषांच्या काव्यसंकेतांशी तिचा संबंध नसल्याने तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

उर्दू, गझल व इंग्रजी : अचलपूर (एलिचपूर) ही इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी. पुढे मोगल व निजाम यांची सत्ता आली. अचलपूर, बाळापूर, अकोला व अमरावती या गावांत दखनी व उर्दू रुजली आणि इश्क, आशक, दिलदार, नजर यांसारखे शब्द मराठीच्या अंगवळणी पडले. घरंदाज मराठीत या शब्दांना काहीसा उनाडपणाचा वास राहिला, तरी जे ‘प्रेम’ म्हणताना जीभ अडखळे ते ‘दिल’ म्हणताना अडखळत नसे. माधव जूलियन यांच्या गज्जलांजलीने (१९३३) फार्सी वृत्ते मराठीत आणली. गझलेला मराठीचा स्वभाव मिळाला तो मात्र अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांकडून (१९३२–२००३). रूपगंधा (१९६१), रंग माझा वेगळा (१९७४) व एल्गार (१९८३) हे त्यांचे संग्रह. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीसाठीही पुल्लिंगी क्रियापद वापरण्याचा संकेत असल्याने ती व्यक्ती स्त्री, पुरुष की ईश्वर हे संदिग्ध राहते. मराठीने हा संकेत स्वीकारला नाही. ‘मी आलो’ व ‘मी आले’, ‘तू आलास’ व ‘तू आलीस’ हे भेद तिला टाळता येत नाहीत. ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ अशा कर्मणी व भावे रचनांत मात्र बोलणाऱ्याचे लिंग झाकले जाते. मराठी गझलकाराला संदिग्धता हवी असेल, तर ती व्याकरणाच्या या फटीतूनच आणावी लागते.

इंग्रजी अंमल १८५३ मध्ये आला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ मध्ये स्थापन झाले. इंग्रजीचा पहिला ठसा पत्रलेखनावर दिसतो. जुन्या मराठी पत्राची सांगता ‘लोभ असावा’ या विनंतीने होई. लोभ समोरच्याने करावयाचा आणि आपण तो नम्रपणे मागावयाचा. ‘प्रिय’ हा मायना आणि ‘तुझा’ ही अखेर यांत मागणीची जागा घोषणेने घेतली. नाटकात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी प्रीतिविवाह हा विषय रंगभूमीवर प्रतिष्ठित केला. वीरतनय (१८९६) व मूकनायक (१९०१) लिहिणारे हे नाटककार वऱ्हाडात वकिली करीत. त्यांच्या नायकनायिका कोटिबाज व अलंकारिक भाषेत प्रेम बोलतात. तशी भाषा त्या काळी अकोल्यात वा खामगावात कोणी बोलत नव्हते आणि प्रेक्षकांना त्याची खंतही नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी नेमकी उलटी वाट धरली. शीळ या त्यांच्या कवितेत साद घालणारा एकही शब्द बोलत नाही. गो. ना. जोशी यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकेमुळे ती महाराष्ट्रभर पोहोचली. सुशिक्षित मराठी मन तेव्हा प्रेमाची कबुली उच्चारण्यास कचरत होते. त्याला बिनशब्दांची शीळ सोयीची वाटली असावी. त्यांच्या खूणगाठी या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीला प्रेमाच्या निराळ्या अर्थाने वाचा दिली. कौतिक ही तिची नायिका. नाकर्त्या नवऱ्याचा संसार ती कष्टाने ओढते, त्याच्यावर चिडते, बोलते आणि त्याला टाकीत नाही. तिच्या तोंडी प्रीतीचे एकही वाक्य नाही. याला प्रेम म्हणावे की केवळ सोशिकता, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो व लेखकाने तो सोडविलेला नाही. स्त्रीच्या मौनाला त्यागाचे नाव देऊन गौरविण्याची मराठी समीक्षेची सवय येथे अपुरी पडते.

अमरावती व अकोला येथील तरुण आज प्रेमाची कबुली देताना बहुधा इंग्रजी वाक्याचाच आश्रय घेतात. याला मराठीच्या दारिद्र्याचा पुरावा मानण्याचे कारण नाही. परक्या भाषेतील वाक्याला घराची, नात्यांची व धाकाची आठवण चिकटलेली नसते. म्हणून ते हलके असते आणि चटकन ओठावर येते. तेच तरुण संतापताना, थट्टा करताना व आईशी बोलताना वऱ्हाडीकडे वळतात. लग्नानंतर एकमेकांना नावाने व एकेरीत हाक मारण्याची पद्धत शहरी कुटुंबांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. खेड्यांतूनही आता ती पसरत आहे. मात्र सासूसासऱ्यांच्या समोर ‘अहो’ आणि एकांतात ‘तू’ अशी दुहेरी व्यवस्था अनेक घरांत चालू आहे.